साल्झबर्गमधला मोकळा दिवस

॥ श्री ॥

मरोळ, अंधेरी (पूर्व), मुंबई ५९
रविवार, ता. २ जून १९८५

ती. नलूताईस,
जयवंतचा सा. न. वि. वि.

सहा फेब्रुवारी, बुधवार, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटं. वर्सोव्याच्या कोळीवाड्यात, देवळामागच्या मंडपात माझा कर्णा किंचाळला आणि तिथून पुढे माझं सगळं पालटलं. तारीख-वेळेसकट सांगतोय, म्हणजे ही थट्टा नाही एवढं ओळख.

आधी घरचं. आई बरी आहे, गुडघे सोडून. बाबा आरे कॉलनीतल्या गोठ्यांवर पहाटपाळीला जातात, दुधाचे कॅन गाडीवर चढवून घेतात आणि घरी येऊन गप्प बसतात. गिरणी सुटल्यापासून त्यांच्या तोंडून दिवसाला दहा वाक्यं निघतात, त्यातली आठ माझ्या कॉलेजवर. तू आता नववं सुरू करू नकोस. गिरण्यांचा संप कामगारांनीच अंगावर ओढवून घेतला असं सर वर्गात म्हणाले, मी बाक उलटा केला, प्रिन्सिपॉलनी माफीपत्र मागितलं, मी दिलं नाही. संपला विषय. दीड वर्ष झालं त्याला. धोंडिरामशेठच्या साउंड सर्व्हिसमध्ये मी कर्णे बांधतो आणि झकास चाललंय.

तर ती. नाव सुगंधा. कोळीनृत्याच्या पथकात पुढच्या रांगेत नाचते. कर्णा किंचाळल्यावर सगळ्यांनी कान झाकले. हिने मात्र पुढे येऊन मला विचारलं की तुझ्या भोंग्याच्या घशात काटा अडकलाय का, भाताचा गोळा देऊ का त्याला. अख्खा मंडप हसला. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी वायर गुंडाळून निघालो असतो. मी तिथेच उभा राहिलो, आणि ताई, अजून तिथेच आहे.

तिलाही मी आवडतो. हे मी मनाने रचलेलं नाही, तिने बोंबील वाळत घालता घालता स्वतः सांगितलंय, बांबूंच्या ओळीच्या पलीकडून. तिचा बाप चंदर तांडेल, दोन होड्यांचा मालक. मी सरळ त्याच्या पुढ्यात जाऊन बसलो. मला वाटलं हा आता मला खाडीत फेकणार. पण त्याने चहा दिला आणि म्हणाला की पोरा, तू चांगला असशील, पण तुझ्या घरचे आमच्या वासाने नाक दाबतील त्याचं काय. मढच्या एका होडीवाल्याच्या मुलाचं स्थळ आलेलं आहे. तुझ्या घरचं एक तरी बाईमाणूस माझ्या मुलीशेजारी बसू दे, तिची ओटी भरू दे, मग मी मढवाल्यांना थांबवतो. नाहीतर नारळी पुनवेच्या आत सुपारी फोडणार.

आईला मी सांगितलं. ती बाबांना भिते, ती वर्सोव्याला पाऊल टाकायची नाही. मी डोकं धरून बसलो होतो आणि परवा सुगंधाने सांगितलं की पथक ऑगस्टमध्ये युरोपला निघालंय. कुठल्याशा लोककला मंडळाने बोलावलंय. व्हिएन्नात कार्यक्रम, मग साल्झबर्गला दोन रात्री मुक्काम आणि मध्ये एक अख्खा दिवस मोकळा. मी नकाशा उघडला. तुझ्या लिंझ आणि साल्झबर्गमध्ये माझी करंगळीसुद्धा मावत नाही!

ताई, आमच्या घरातलं एकच बाईमाणूस बाबांच्या हाताबाहेर आहे आणि ते तू आहेस. तिला भेटशील का? शहर दाखव, सोबत जेव, ओटी भर. बाकी मी बघतो.

भावोजींना नमस्कार. पत्राची वाट बघतोय, माया आहेच, पण या वेळी जरा जास्त पाठव.

तुझा,
जयवंत


॥ श्री ॥

लिंझ
शुक्रवार, ता. १४ जून १९८५

चि. जयवंत यास,
नलूताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा घाबरले, तिसऱ्यांदा ह्यांना वाचून दाखवलं. ह्यांचं म्हणणं पडलं की बाक उलटा करणारा माणूस भाताच्या गोळ्याने गार झाला असेल, तर मुलगी बघायलाच हवी.

मला सहावा महिना चालू आहे. उलट्या थांबल्या, आता आंबट हवंसं वाटतं आणि इथे आंबट म्हणजे व्हिनेगरमधला कोबी. आईच्या हातचं लोणचं आठवून काल उगाच रडू आलं. जुलैअखेर सासूबाई येतायत, कोकणातून पहिल्यांदाच विमानात बसून. त्या आल्या की घर भरेल.

साल्झबर्गला आम्ही मागच्या उन्हाळ्यात गेलो होतो. आगगाडीने दीड तास. नावाचा अर्थ मिठाचा किल्ला. डोंगरातलं मीठ होड्यांत भरून नदीने नेत, त्यावर हे शहर मोठं झालं म्हणतात. तुझ्या सुगंधाला सांग, तिच्या बापाला इथे करमेल. मधून हिरवी नदी वाहते. अलीकडे एक राजबाग आहे, मिराबेल नावाची, फुलांचे गालिचे अंथरल्यासारखी. पूल ओलांडला की जुनी गल्ली लागते, तिथे प्रत्येक दुकानावर लोखंडी पाटी टांगलेली, चांभाराचा बूट, कुलूपवाल्याची किल्ली, अशा. आणि सगळ्यांवर डोंगरमाथ्याला पांढरा किल्ला. वर जायला रुळांवरून सरकणारा डबा आहे, म्हणजे माझ्या पोटाचीही सोय झाली.

मी जाईन, जयू. पण दोन गोष्टी ऐक. बाबांना तू स्वतः सांग, बाहेरून कळू देऊ नकोस. आणि सांगशील तेव्हा ते जेवून पान खात बसलेले असू देत आणि तू गार पाणी पिऊन ये. बाबा वाईट नाहीत रे. गिरणी गेली तशी त्यांच्या हातात आता फक्त घरातला शब्द उरला आहे, तोही तू काढून घेतोयस असं त्यांना वाटतं.

तारीख नक्की झाली की लगेच कळव. आमच्याकडे फोन नाही, खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याचा आहे आणि तो ऐकू न येणारा आहे. तेव्हा पत्रावरच भिस्त.

आईला गुडघ्याला तेल लावत जा म्हणावं. आशीर्वाद नेहमीचेच, काळजी जरा वाढीव.

तुझी,
नलूताई


॥ श्री ॥

मरोळ, मुंबई ५९
गुरुवार, ता. २७ जून १९८५

ती. नलूताईस,
जयवंतचा सा. न. वि. वि.

तू देवमाणूस आहेस. बास, एवढंच लिहून पत्र बंद करणार होतो, पण तारीख मिळाली आहे. गुरुवार, ८ ऑगस्ट. पथकाचे तुळशीदास मास्तर म्हणाले की सकाळी न्याहारी झाली की पोरींना मोकळं सोडणार, संध्याकाळी सहाला मुक्कामी परत.

तू पाठवलेल्या माहितीवरून आणि चर्चगेटच्या एका प्रवासी कंपनीत जाऊन, मी मोठं गिऱ्हाईक आहे असं दाखवून आणलेल्या रंगीत नकाशावरून मी आखणी केली आहे. दहा वाजता स्टेशनातल्या मोठ्या घड्याळाखाली भेट. ती हिरव्या लुगड्यात असेल, म्हणजे चुकायचा प्रश्न नाही. तिथून चालत बाग. बागेत अर्धा तास, तुला बसायला बाकं आहेत, मी नकाशात मोजली. मग पूल. पुलावर तिला नदी बघू दे, घाई करू नकोस, ती पाण्याशी थांबते. मग पाट्यांची गल्ली. एकला जेवण, पण मासे मागवू नका, तिथले मासे बघून ती नावं ठेवत बसेल आणि तुमचं बोलणं राहील. दोनला तो डबा, वर किल्ला. ओटी किल्ल्यावर भर, ताई. उंचावर. खाली गर्दी असते, लोक फोटो काढतील.

एकच नकाशा होता, तो मी सुगंधाला दिला आणि माझ्यासाठी धोंडिरामशेठच्या बिलाच्या मागे हाताने काढून ठेवला. कर्ण्याच्या खांबावर चढलो तरी वरून मला तेच दिसतं, इकडे नदी, तिकडे किल्ला. मी काय जन्मात तिथे जाणार नाही. पण त्या शहरात मला आज कोणी सोडलं, तर पत्ता न विचारता स्टेशनातून किल्ल्यापर्यंत जाईन, पैज लाव.

बाबांना अजून सांगितलं नाही. सांगतो. पान खाताना.

नारळ मिळेल ना गं तिकडे?

भावोजींना नमस्कार, तुला दंडवत, आणि जे येतंय त्याला मामाकडून आगाऊ पापा.

तुझा,
जयवंत


॥ श्री ॥

लिंझ
मंगळवार, ता. ९ जुलै १९८५

चि. जयूस,
अनेक आशीर्वाद.

थोडक्यात लिहिते, पाय सुजलेत. आठ ऑगस्ट, गुरुवार, दहा वाजता, घड्याळाखाली. तिकीट काढून आणलं. नारळ इथल्या एका तुर्की दुकानात मिळाला. दुकानदाराने विचारलं की याचं काय करणार, ह्यांनी त्याला हातवारे करून ओटी समजावली. तो म्हणाला की त्याच्याही गावी असंच काहीतरी आहे, आणि नारळाचे पैसे घेतले नाहीत. खण माझ्या लग्नातला ठेवला आहे, अंजिरी रंगाचा. तिला शोभेल ना?

हे महिनाअखेरीस कारखान्याच्या कामाने दहा-बारा दिवस जर्मनीला जाणार, त्यामुळे साल्झबर्गला मी एकटीच. सासूबाईंना सांगून ठेवीन की मैत्रिणीला भेटायला चालले आहे.

बाबांशी बोललास का? ते तू लिहिलंच नाहीस.

लोभ तर आहेच, तो तुझ्या बाकासारखा उलटा होणार नाही.

तुझी,
नलूताई


मरोळ
सोमवार, २२ जुलै

नलूताई,

वर श्री घातलेला नाही, बघितलंस? एरोग्रामचा, या हवाई पत्राचा, कोपराही फाडलाय, मयताच्या पत्राचा फाडतात तसा. हाताने फाडलाय, चुकून नाही. माझ्यापुरते बाबा वारले. आज, सकाळी साडेदहा वाजता.

तू सांगितलंस तसंच केलं. जेवण झालं होतं, पान लावत होते. मी गार पाणी प्यालो होतो. सगळं नीट सांगितलं, आवाज न चढवता. ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले की नोकरी नाही, डिग्री नाही, आणि आता म्हावरं विकायला बसणार का टोपली घेऊन. मी म्हटलं की तिची आई टोपली घेऊन बसते, तिच्या घरात तीन वर्षं कोणी उपाशी झोपलं नाही, आपल्या घरात झोपलंय. ते उठले. म्हणाले की ती बाई या उंबऱ्याच्या आत येणार नाही, आणि आली तर मला आधी बाहेर काढा. मी म्हटलं की काढतो. आई मध्ये पडली, तिला ढकललं गेलं, कोणाकडून ते मला माहीत नाही. माझ्याकडूनच असेल.

ताई, माझी चूक नाही. गिरणीत मालकाने ह्यांच्याशी जे केलं, ते हे माझ्याशी करतात. मी ऐकून घेणारा नाही. मी आता धोंडिरामशेठच्या गोडाऊनमध्ये, कर्ण्यांच्या पेट्यांवर बसून लिहितोय. घरी जाणार नाही, निदान आज तरी.

महत्त्वाचं राहिलंच. तारीख बदलली आहे. मास्तरांनी आज सांगितलं, व्हिएन्नाचा एक कार्यक्रम गळला म्हणून पथक दोन दिवस आधी साल्झबर्गला पोचतंय. मोकळा दिवस आता मंगळवार, ६ ऑगस्ट. गुरुवार नाही, मंगळवार. वेळ तीच, दहा, जागा तीच. तिला मी सांगितलंय की ताईला पत्र गेलं, निर्धास्त जा. चंदर तांडेल अजून थांबलाय, तुझ्यावर थांबलाय.

तार करावी असं एकदा मनात आलं, पण एरोग्राम दहा दिवसांत पोचतो, तुझं प्रत्येक पत्र पोचलंय. पेटीत टाकतो आणि मोकळा होतो.

जयवंत


॥ श्री ॥

लिंझ
शुक्रवार, ता. ९ ऑगस्ट १९८५

चि. जयवंत यास,
आशीर्वाद.

काल मी साल्झबर्गला गेले होते. ती आली नाही.

दहाला पाच कमी असताना घड्याळाखाली उभी राहिले. पिशवीत नारळ, खण, तांदूळ, हळदकुंकवाची पुडी. हिरवं काही दिसलं की पुढे जायची. एकदा एका बाईच्या हिरव्या छत्रीकडे गेले. साडेअकराला पाय भरून आले म्हणून बाकावर बसले, पण बाकावरून घड्याळ दिसेना, म्हणून परत उठले. दीड वाजता एका रेल्वेच्या माणसाने खुर्ची आणून दिली. साडेतीनच्या गाडीने परतले. शहर पाहिलंच नाही.

रागाने लिहीत नाही, पण विचारते. तिला खरंच यायचं होतं का, जयू? की तूच एकटा त्या मांडवात उभा आहेस?

हे पत्र आज टाकणार नाही. दोन दिवस थांबते.

रविवार, ता. ११

पत्र टाकलं नाही ते बरं झालं, की वाईट, मला कळत नाही.

काल हे परत आले. सासूबाई त्यांना घेऊन तळघरात गेल्या, जिथे बिऱ्हाडकरूंच्या सायकली असतात. बराच वेळ कोणी वर येईना म्हणून मी उतरले. एका सायकलच्या मागे भिंतीतल्या कोनाड्यात तुझा एरोग्राम होता, न उघडलेला. हे तो हातात धरून उभे होते आणि सासूबाई पदर तोंडाला लावून रडत होत्या.

शनिवारी, तीन तारखेला तो आला होता. टपाल त्याच आणतात खालून, तेवढंच त्यांना या परक्या देशात काम. त्यांना वाचता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. पण फाटका कोपरा त्यांना वाचता येतो. त्यांनी ओळखलं की माझ्या माहेरी कोणीतरी गेलं. असलं पत्र उंबऱ्याच्या आत आणायचं नाही, आणि आठव्या महिन्याच्या बाईच्या कानावर तर घालायचंच नाही. म्हणून त्यांनी ते तळघरात ठेवलं, अंगावरून पाणी घेतलं आणि मुलगा यायची वाट बघत बसल्या. बाबाच गेले असणार असा त्यांनी अंदाज केला होता. आठवडाभर त्यांनी तोंडात गोड घातलं नाही. मी विचारलं तर म्हणायच्या, इथली साखर बाधते. मी गुरुवारी निघाले तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच तोंड फिरवलं. मला वाटलं, माया आली.

ह्यांनी पत्र तिथेच वाचलं. मग मला दिलं. मंगळवार.

मंगळवारी मी घरी होते, जयू. खिडकीशी बसून बाळाचं झबलं शिवत होते. दीड तासावर ती पोर उभी होती आणि मी दोरा ओवत होते.

सासूबाईंना मी काय बोलू? त्यांनी जे केलं ते आपल्या आईनेही केलं असतं. बाबा जिवंत आहेत, धडधाकट आहेत, असं ह्यांनी सांगितल्यावर त्या खालीच बसल्या आणि हात जोडले. मग विचारलं की मग कोपरा कोणी फाडला. ह्यांनी सांगितलं, पोराने रागात. त्यांना ते समजेचना. पुन्हा पुन्हा विचारत होत्या की रागात म्हणजे कसं.

तू लगेच वर्सोव्याला जा. हे पत्र दाखव. तांडेलांना सांग की आमच्या घरची बाई आली होती, दिवस चुकला, माणूस चुकलं नाही. नारळ मी अजून ठेवला आहे. सुगंधाला म्हणावं, मी स्वतः येऊन ओटी भरेन, बाळ झालं की.

बाबांना कोपऱ्याचं कळू देऊ नकोस. कधीच.

तुझ्यावर माया आहे, आज ती दुखते आहे एवढंच.

नलूताई


॥ श्री ॥

वेसावे (वर्सोवा), मुंबई ६१
रविवार, ता. १८ ऑगस्ट १९८५

जयवंत यास,
सुगंधाचा नमस्कार.

तू पाचव्यांदा घराकडे आलास आणि मी बाहेर आले नाही म्हणून लिहितेय. समोर आलास की तू बोलतोस आणि मी गप्प बसते, म्हणून कागदावर.

मंगळवारी दहाला मी घड्याळाखाली होते. हिरवं लुगडं, तू सांगितलंस तसं. येणारे-जाणारे बघत होते, काहींनी फोटो काढले. मला वाटलं काढू देत, तुझी ताई आली की मी फोटोत एकटी नसेन. बारा वाजले. एका म्हातारीने मला सफरचंद दिलं. मी रडत नव्हते रे, तरी दिलं. पिशवीत तुझ्या ताईसाठी मी सुक्या कोलंबीचे सोडे नेले होते, डब्यात घट्ट बांधून, वास येऊ नये म्हणून वर दोन फडकी. गरोदर बाईला तोंडाला चव येते म्हणून आयसने दिले होते. तीन वाजेपर्यंत डबा मांडीवर होता.

मग तू दिलेला नकाशा काढला आणि एकटीच निघाले. बागेत थांबले नाही. पुलावर थांबले. किल्ल्यावरही गेले, त्या रुळांवरच्या डब्याने नाही, पायांनी. वरून सगळं शहर दिसतं, तू बिलाच्या मागे काढून दाखवलं होतंस तसंच, रेघ न रेघ. तिथे एका दगडावर बसून मी सोडे खाल्ले, नुसतेच.

तुझ्या ताईचा मला राग नाही. त्यांना यायचं नसेल. तू म्हणाला होतास, पत्र गेलं, निर्धास्त जा. मी निर्धास्त गेले होते.

घरी आल्यावर बापसाने एकच विचारलं, ओटी भरली का. मी नाही म्हटलं. तो होडीकडे निघून गेला. काल मढची माणसं आली. पाच जणांत सुपारी फुटली. मला विचारलं होतं, मी हो म्हणाले.

आता घराकडे येऊ नकोस. आईची काळजी घे, बापाशी बोल.

आपण भांडलो नाही, हे एक बरं झालं.

सुगंधा


॥ श्री ॥

मरोळ, मुंबई ५९
रविवार, ता. २५ ऑगस्ट १९८५

ती. नलूताईस,
जयवंतचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. तिचं त्याच्या आदल्या दिवशी. दोन्ही शर्टाच्या खिशात आहेत.

मी घरी परतलो आहे, आठवडा होऊन गेला. आईला लागलं नव्हतं, कोपराला खरचटलं होतं फक्त, ती म्हणते स्टोव्हचं. बाबा आणि मी एका खोलीत असतो. ते माझ्याकडे बघत नाहीत, मी त्यांच्याकडे चोरून बघतो. काल ते पान लावत बसले होते, चुना जास्त झाला म्हणून बोटाने काढत होते, आणि मला एकदम वाटलं की उठून त्यांचे पाय धरावेत. कशासाठी म्हणून विचारलं असतं, तर सांगता आलं नसतं. म्हणून बसून राहिलो. आई सांगते की मधल्या दिवसांत त्यांनी तिला दोनदा विचारलं, लिंझहून नलूचं काही आलं का, ती कोणा मुलीला भेटणार होती म्हणे. एवढंच. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा चहा गार होईपर्यंत उत्तराची वाट बघत होते, म्हणे.

तुझ्या सासूबाईंना माझा साष्टांग नमस्कार सांग. त्यांना आता गोड खाऊ दे. रागात म्हणजे कसं, ते मलाही सांगता येत नाही, असं त्यांना सांग. त्या दिवशी पेट्यांवर बसून कोपरा फाडला तेव्हा मला बरं वाटलं होतं, ताई. छाती मोकळी झाली होती. घडी घालून थुंकीने चिकटवला आणि शीळ घालत पोस्टाच्या पेटीपर्यंत गेलो होतो.

धोंडिरामशेठ गणपतीच्या ऑर्डरी घेतोय, कामाला तोटा नाही. तू तब्येतीला जप. पाय वर ठेवून बस. खुर्ची आणून देणाऱ्या त्या रेल्वेवाल्याचं मला नाव हवं होतं.

माझं एवढंच. तुझ्या मायेला मी लायक नाही, तरी ती बंद करू नकोस.

तुझा,
जयवंत

ता. क. वर्सोव्याचं लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण तू विचारशीलच.

तिने येऊ नकोस लिहिलं होतं, तरी तुझं पत्र आल्या आल्या गेलो. चंदर तांडेल जाळं सांधत बसला होता. मी पत्र त्याच्या हातात दिलं, त्याने सुगंधाला हाक मारली. ती आतून आली, माझ्याकडे न बघता पत्र घेतलं आणि उभ्यानेच मोठ्याने वाचलं. तू बाकावरून उठलीस ते वाचताना तिचा आवाज हलला. तळघराचं वाचताना पुन्हा सरळ झाला. तिच्या आयसने डोळे पुसले. तांडेल म्हणाला की पोटुशी बाई पाच तास माझ्या पोरीसाठी उभी राहिली, भेटली तर तिच्या पाया पडेन, पण सुपारी पाच माणसांत फुटली आहे, ती मी परत सांधू शकत नाही.

मी म्हटलं की मला तुमचा शब्द नको, तिचा हवाय. तिने हो म्हणावं, मी मढवाल्यांच्या पाया पडतो, पथकासमोर पडतो, कुठेही पडतो.

तेव्हा तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. तिने विचारलं, कोपरा का फाडलास. मी म्हटलं, रागात. ती म्हणाली की आमच्या घरातली दोन माणसं दर्यातून परत आली नाहीत. आयस अजून आजोबांचं ताट वाढते नारळी पुनवेला. होडी बाहेर असेपर्यंत या घरात कोणी तसलं नाव तोंडातून काढत नाही, भांडणातसुद्धा नाही, चेष्टेतसुद्धा नाही. आणि तू बाप घरात पान खात बसलेला असताना त्याच्या मयताचा कागद केलास. उद्या माझ्यावर रागावलास तर काय फाडशील?

हे ती आवाज चढवून बोलली नाही, ताई. खरंच विचारत होती, उत्तर असेल तर दे, अशी.

तिने तुझ्या पत्राची घडी घातली, माझ्या हातात दिली आणि म्हणाली की ताईंना सांग, सुखरूप मोकळ्या होवोत, आणि बाळाला सोड्यांची चव लवकर लावा. मग आत गेली. तांडेलने जाळ्यातली गाठ पुन्हा हातात घेतली. मी चपला घातल्या, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.